एकशे सोळा किलो आणि तीन पाठी

पार्श्वभूमी

आमचा गट बडोद्याचा. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांतून जमलेला, नऊ जणांचा. सर्वात धाकटा ३८ वर्षांचा, थोरले डॉक्टरकाका ६४ चे. दांडिया बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेले एक गृहस्थ, त्यांना सगळे शेठ म्हणतात. कारेलीबागेतल्या दोघी जावा, एक शिक्षक, उरलेले नोकरदार. मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे न विचारता हिशेबनीस. नावं मुद्दाम देत नाही. ज्या ठेकेदाराबद्दल लिहिलं आहे त्याचंही नाही.

जूनच्या मध्यावर मनालीजवळची हामटा खिंड ओलांडायची असं ठरलं. खिंड साधारण ४,२७० मीटरवर. अलीकडे कुलूची हिरवळ, पलीकडे लाहौलचे उघडे डोंगर. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर, म्हणून तयारीला जवळचा पावागड डोंगर. चार रविवार आम्ही माचीपासून पायऱ्या चढलो, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून. दम लागायचा, मग खाली येऊन चहा आणि फाफडा.

मोठ्या कंपनीकडे न जाता ओळखीतून मनालीचा एक ठेकेदार गाठला. त्याच्याकडून एक गाइड, एक स्वयंपाकी, तंबू, शिधा, बालू का घेरा या मुक्कामापर्यंत खेचरं आणि तिथून पुढे चार पोर्टर असा करार झाला. जूनमध्ये खिंडीच्या अंगाला बर्फ असतो, खेचरं वर जायची नाहीत, हे त्याने आधीच सांगितलं होतं. करारात माणसांची संख्या होती. वजनाचा आकडा नव्हता. कागद मीच वाचला होता, पैशांचा रकाना दोनदा तपासला होता.

डॉक्टरकाकांनी उंचीचा तक्ता केला. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, या नियमाने वाटेतल्या जोबरा या मुक्कामी एक रात्र, पुढे चिकाला एक, मग बालू का घेरा. नऊ नावं, प्रत्येकापुढे नाडीचे आणि ऑक्सिजनचे रकाने. गाइड आणि स्वयंपाक्याची नावंही त्यांनी खाली पेन्सिलने घातली. पोर्टरांची घातली नव्हती, कारण पोर्टर तेव्हा आमच्याबरोबर नव्हतेच.

चिकाच्या मुक्कामी रात्री काकांनी एव्हरेस्टच्या गोष्टी सांगितल्या. १९५३ च्या मोहिमेत सामान वाहायला ३६२ हमाल होते. तेनझिंग नोर्गे स्वतः १९३५ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टनच्या मोहिमेत असाच ओझी वाहायला म्हणून पहिल्यांदा तिकडे गेले होते. ऐकताना अंगावर काटा आला. आपले पोर्टर या घडीला कुठे असतील, हे कोणीही विचारलं नाही.

अडचण

बालू का घेरा सुमारे ३,६०० मीटरवर आहे. आम्ही दुपारी पोचलो. खेचरांनी सामान टाकलं आणि खेचरवाला परत गेला. पोर्टर आले संध्याकाळी, चारऐवजी तीन. चौथ्याला मनालीतच दुसरं काम मिळालं होतं.

तिघेही नेपाळचे. एक चाळिशीचा, दुसरा तिशीचा, तिसरा वीस-एकवीसचा पोरगा. तिसरा आणि दुसरा एकाच गावचे. आम्ही जे अंतर दोन मुक्काम करत आलो ते या तिघांनी एका दिवसात कापलं होतं. सकाळी मनालीत म्हणजे २,०५० मीटरवर, संध्याकाळी ३,६०० वर. ही गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर होती, पण डोक्यात शिरली नाही. पोरगा जेवला नाही, चहा घेऊन तंबूत गेला. दमला असेल, असं आम्ही म्हटलं.

सामानाचा ढीग पडला होता. तंबू, गॅस, भांडी, शिधा आणि आमच्या नऊ बॅगा. चौघांत वाटायचं ते आता तिघांत. किती किलो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ढिगाकडे बघून गाइड म्हणाला, ‘हो जाएगा.’ चाळिशीच्या पोर्टरने एकेक बॅग हाताने उचलून पाहिली, थोडा विचार केला, तोही म्हणाला, ‘हो जाएगा, साब. थोडा पैसा ऊपर देना.’

गिरनारला आमच्यापैकी सहा जण दत्तदर्शनाला जाऊन आलेले. तिथे पायथ्याशी डोलीवाले यात्रेकरूला आधी काट्यावर बसवतात, धान्याच्या पोत्यासारखं, आणि वजनावर भाडं ठरतं. आम्ही त्यावर हसलोही होतो. हिमालयात काटा कशाला, असंच सगळ्यांच्या मनात असावं. खरं तर काटा आमच्याकडे होता. थोरल्या जाऊबाईंच्या बॅगेत, विमानासाठी घेतलेला, हातात धरून बॅग टांगायचा डिजिटल काटा. दिल्लीपर्यंत विमानाने यायचं म्हणून पंधरा किलोच्या वर जायला नको, यासाठी बडोद्याला प्रत्येक बॅग दोनदा तोलली होती. जादा किलोला विमानवाले पैसे घेतात ना.

पर्याय

त्या रात्री जेवणाच्या तंबूत अर्धा तास चर्चा झाली. आज आठवते ती अशी.

एक दिवस थांबून चौथा माणूस मागवायचा. गाइडकडे फोनला रेंज नव्हती, एकाला खाली पाठवावं लागलं असतं आणि परतीची विमानाची तिकिटं एका दिवसाने चुकली असती. दोघांनी तत्काळ नाही म्हटलं.

आपापल्या बॅगा आपण उचलायच्या. शिक्षक तयार होते. जावा नव्हत्या, मीही नव्हते. माझ्या गुडघ्यांचं कारण मी पुढे केलं, ते खोटं नव्हतं, पण त्या दिवशी गुडघे दुखतही नव्हते.

अर्धं सामान पुढे नेऊन ठेवायचं आणि तिघांनी परत येऊन दुसरी खेप न्यायची. खिंडीच्या दिवशी हे शक्य नव्हतं. दुपारनंतर तिथे ढग येतात, बर्फ मऊ पडतो, त्यामुळे सकाळीच पार व्हायचं असतं.

सामान कमी करायचं. हा पर्याय कोणीतरी बोललं, बहुतेक धाकटी जाऊबाई. ‘काय काढणार आता,’ असं म्हणून तो तिथेच मिटला. माझ्या मते सबंध प्रकरणातले सर्वात महागडे तीन शब्द हे.

मग उरलं ते, तिघांनीच सगळं न्यायचं आणि चौथ्याची मजुरी तिघांत वाटायची. ती न्याय्य वाटली. शेठ म्हणाले, ‘सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. आमचे मजूर खांद्यावर टाकून नेतात.’ शिक्षकांनी शिखर शिंगणापूरची आठवण काढली. चैत्रात मुंगी घाटातून पाण्याच्या भरलेल्या कावडी चढवतात, तो कडा काय साधा आहे? आणि काकांनी, ज्यांनी बाकी सगळं नीट केलं त्यांनी, २००५ मधला एक अभ्यास सांगितला. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचे गावच्या बाजाराला माल नेणाऱ्या नेपाळी हमालांचं वजन तेव्हा मोजलं होतं. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं वाहत होते, बायका ६६ टक्के.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच आम्ही फसलो. गोणी ट्रकपासून गोदामापर्यंत जाते, वीस-तीस पावलं, तीही जवळजवळ समुद्रसपाटीवर. कावडीला शेकडो हात लागतात, दोर लावून ओढतात, खांदा दुखला की दुसरा पुढे येतो, आणि ती महादेवाची असते. नामचेच्या वाटेवरचा हमाल किलोवर पैसे घेतो, ओझं स्वतः ठरवतो, हळू चालतो आणि वारंवार थांबतो. हातातली आखूड काठी टोपलीखाली टेकवून उभ्या उभ्याच विसावा घेतो. आमच्या पोरांना खिंड दुपारच्या आत गाठायची होती आणि थांबायचं कधी हे गाइड ठरवणार होता. शिवाय त्यांचा ‘हो’ कशावर उभा होता? नाही म्हटलं असतं तर दिवसाची मजुरी गेली असती.

काय केलं

पहाटे साडेचारला निघालो. तिघांनी सामान दोरांनी बांधलं, वरून मेणकापड आणि कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझं डोक्यावरून पेलायचा रुंद पट्टा. आमच्याकडे डोईवरच्या हंड्याखाली चुंबळ असते. ती भार डोक्यावर सरळ खाली घेते. नाम्लो भार मागे टांगतो, त्यामुळे मान पुढे आणि नजर पावलांवर. पोरगा उठला तेव्हा दोन पावलं मागे गेला, मग सावरला. पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या पायात महागडे, घोट्यापर्यंतचे, बडोद्यातून पंधरा दिवस घालून सैल केलेले.

दीड तासानंतर दगडांच्या चढावर मी मागे पडले होते, म्हणून तो मला दिसला. ओझं उतरवून दगडाला टेकून बसला होता. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ. मी विचारलं, ‘भैया, ठीक हो?’ त्याने मान हलवली आणि बाजूला वळून ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी आलं.

काका परत आले. डोकं कधीपासून दुखतंय? रात्रीपासून. झोप? नाही. बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन ७४ टक्के. आमचे आकडे त्या सकाळी ८५ ते ९० मध्ये होते. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो. म्हणजे त्याला अजून वर नेणं म्हणजे जे आहे त्यातलंही काढून घेणं. लक्षणं असताना वर चढायचं नाही, हा नियम काकांनी आम्हाला चार वेळा ऐकवला होता. डोंगरातल्या माणसाला तो लागू होत नाही, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. नेपाळ म्हणजे एव्हरेस्ट, असं आपलं समीकरण. हा पोरगा सखल खोऱ्यातल्या भाताच्या गावचा निघाला.

गाइड पुढे आला आणि सहजपणे म्हणाला की याला आजपर्यंतचे पैसे द्या, तो आपला आपण उतरेल, ओझं बाकीचे दोघे वाटून घेतील. यात दुष्टपणा नव्हता, तिथली रीतच ती. इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप नावाचा जो गट आहे, त्याच्या नियमांत नेमकी हीच गोष्ट लिहिली आहे. आजारी पोर्टरला पैसे देऊन एकटं खाली पाठवू नये, बरोबर त्याची भाषा बोलणारा आणि त्याची तब्येत समजणारा माणूस द्यावा. हे मला घरी आल्यावर कळलं. काकांना तेव्हा एवढंच कळत होतं की हा पेशंट आहे आणि पेशंट एकटा सोडायचा नाही.

‘याच्या पाठीवर होतं तरी किती?’ शेठ म्हणाले. थोरल्या जाऊबाईंनी काही न बोलता पिशवीतून काटा काढला. हूक अडकवून, काठी घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी ओझं उचललं. थंडीने काट्याची पाटी मंद झाली होती, आकडे हलत राहिले, मग टीं करून थांबले. ३८.६.

कोणी काही बोललं नाही. बाकीची दोन तिथेच तोलली, ४०.२ आणि ३७.२. एकूण ११६. चौघांत २९ पडले असते. नेपाळसाठी त्या पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपने सांगितलेली वरची मर्यादा ३० किलोची आहे, किलिमांजारोसाठी २० ची, पेरू आणि पाकिस्तानसाठी २५ ची. तीही उंची, वाट आणि हवामान बघून खाली आणायची असते.

पुढचा निर्णय पंधरा मिनिटांत झाला, आणि तो मात्र बरा झाला असं मला वाटतं. पोराबरोबर त्याच्या गावचा पोर्टर, काका आणि मी लगेच खाली चिकाला निघालो, पाठीवर फक्त पाणी आणि कपडे. बाकीचे सगळं सामान घेऊन बालू का घेऱ्याला परतले. शिक्षक आणि शेठ यांना खिंड सोडवत नव्हती. ‘आम्ही आमच्या बॅगा उचलतो, उद्या परत बघू,’ असं त्यांचं म्हणणं. त्या दोघांनी पूर्ण बॅगा पाठीला लावल्या, वर थोडं सामान घेतलं आणि चढावर वीस मिनिटं चालून बघितलं. ओढ्यापर्यंत गेले, बसले आणि परत आले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

परिणाम

पोरगा चिकाला उतरेपर्यंत दोनदा बसला. दुपारी गरम पाणी, सूप, मग झोप. संध्याकाळी डोकं कमी झालं, ऑक्सिजन ८६ वर आला. रात्री त्याने भात मागितला. काका म्हणाले, ‘आता मी झोपतो.’

दुसऱ्या दिवशी दुसरा पोर्टर परत वर गेला आणि सगळे खाली आले. प्रत्येकाने आपापली बॅग उचलली होती. धाकटी जाऊबाई पोचताच म्हणाली, ‘ताई, चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. आणि पाठीवर सात किलो असले की दोन्ही एकदम.’ खिंड झाली नाही. दोघांनी पैशांवरून बरंच ऐकवलं. एका सभासदाने त्यानंतर गट सोडला.

बडोद्याला आल्यावर पुढच्या रविवारी माझ्या गच्चीवर सगळ्यांनी बॅगा जशा होत्या तशा आणल्या आणि आम्ही एकेक वस्तू तोलली. ११६ पैकी ५५ किलो तंबू, गॅस, भांडी आणि शिधा होता. ६१ किलो आमच्या बॅगांचे. त्यातलं न वापरलेलं किंवा कधीच न लागणारं वेगळं काढलं. लिलो चेवडो आणि भाकरवडी मिळून साडेतीन किलो, स्टीलच्या डब्यांसकट. जीन्सच्या चार जोड्या. दोन शाम्पूच्या मोठ्या बाटल्या. एक जाडजूड चादर. माझ्या बॅगेत हिशेबाची पुठ्ठ्याची वही आणि एक किलोचा पॉवर बँक, जो दोन दिवसांत संपला. ढीग अठरा किलोंचा झाला.

मी पाटीवर गणित मांडलं. ११६ मधून १८ गेले, उरले ९८. प्रत्येकाने फक्त एक-एक किलो स्वतःकडे घेतला असता तर ८९. तिघांत वाटले तर प्रत्येकी तीसच्या किंचित आत. म्हणजे चौथा पोर्टर न येताही मार्ग होता, आणि तो आमच्याच चेनच्या आत होता.

शेठ बराच वेळ चेवड्याच्या डब्याकडे बघत होते. डबा त्यांचाच.

वेगळं काय करता आलं असतं

ओझं कमी करणं हा या प्रकरणातला अर्धाच भाग आहे, हे मला मागाहून कळलं. तीस किलोंतही तो पोरगा आजारी पडलाच असता, कारण तो एका दिवसात दीड हजार मीटर वर आला होता. काकांचा तक्ता चोख होता, त्यात तीन नावं कमी होती. पोर्टरांनी आमच्याबरोबर चिकाला एक रात्र काढावी एवढंच करारात हवं होतं. एका दिवसाची जास्त मजुरी, बस. काका अजूनही यावर बोलत नाहीत.

संध्याकाळी तो जेवला नाही, ती खरी पहिली खूण. आपल्यातलं कोणी जेवलं नसतं तर तीन जण विचारायला गेले असते. तेव्हा बोटाला यंत्र लावायला एक मिनिट लागलं असतं.

‘हो जाएगा’ या उत्तराचं काय करायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. शिक्षकांचं म्हणणं, मोठा माणूस स्वतः हो म्हणतो तर त्याला नको म्हणणारे आपण कोण, त्याची कमाई का बुडवायची? मला हे अगदीच चूक वाटत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात पैसे आणि उत्तर देणाऱ्याच्या पाठीवर ओझं असेल, तर प्रश्न निदान आकड्यात विचारावा. ‘जमेल का’ असं विचारू नये, ‘अडतीस आहेत, किती काढू?’ असं विचारावं. मजुरी चौघांची ठरली होती तर ती तिघांना द्यायचीच होती, ओझं मात्र तिघांचंच द्यायचं. या दोन गोष्टी आम्ही एकमेकींना बांधून टाकल्या, तिथे घोळ झाला.

बुटांबद्दल काही करता आलं असतं का, हे मला नक्की सांगता येत नाही. मोजे आणि हातमोजे जास्तीचे नेता आले असते, त्यांना वजन नसतं.

सप्टेंबरात परत जायचं ठरतंय, सात जण. करारात या वेळी किलो लिहिले आहेत, माणशी पंचवीस, आणि पोर्टरांच्या चिकाच्या मुक्कामाची ओळ मी स्वतः घातली. नवा ठेकेदार ती वाचून हसला, पण सही केली. पावागडावर आता आम्ही आठ-आठ किलोंच्या भरलेल्या बॅगा घेऊन चढतो. माचीला बसल्यावर कोणी कोणाची बॅग हाताने उचलून अंदाज सांगायचा आणि मग काटा लावायचा, असा खेळच झाला आहे. सगळ्यांचे अंदाज अजून दोन-दोन किलोंनी कमीच निघतात.

एक गोष्ट राहिली. आम्ही तिघांची पूर्ण दिवसांची मजुरी ठेकेदाराकडे दिली होती, पोराच्या हातात वेगळं बक्षीसही दिलं. जुलैत गाइडशी फोनवर बोलताना समजलं की ठेकेदाराने त्या पोराचे तीन दिवस आणि बरोबर उतरलेल्याचा एक दिवस कापला. काम झालं नाही, हे कारण. ठेकेदाराने त्यानंतर माझा फोन घेतला नाही. दुसऱ्या पोर्टरचे पैसे गाइडच्या खात्यातून पोचले. पोरगा तोवर भाताच्या लावणीला गावी गेला होता, त्याच्याकडे स्वतःचा फोन नाही. त्याचे तीन दिवस माझ्या वहीत ‘देणे’ या रकान्यात आहेत.